गोठ्याचं गेट पडलं, आता सांगा : शिकवणारा व्हिडिओ खरा की फेकू, हे ओळखायचं कसं?

यावलचा_केळीवाला | सोमवार, रात्री ९:१२

राम राम मंडळी. मागच्या दिवाळीला इन्व्हर्टर वेल्डिंग मशीन घेतलं. म्हटलं बागेतली बारीकसारीक कामं, गोठ्याचं गेट, ट्रॉलीची फळी, यासाठी दरवेळी वेल्डरच्या हातापाया कशाला पडायचं. मोबाईलवर एकाचा व्हिडिओ पाहिला. लाखांवर लोकांनी पाहिलेला. माणूस बोलायला एकदम पक्का, 'फक्त ५ मिनिटांत गेट तयार'. त्याने सांगितलं तसं सगळं केलं. टाके दिसायलाही बरे होते, मी फोटो काढून स्टेटसला ठेवला.

तीन महिन्यांनी म्हशीने मान घासली आणि बिजागरीसकट गेट खाली. नशीब, म्हैस अलीकडे होती आणि आमचे आबा पलीकडे. गावातल्या वेल्डरने उरलेल्या टाक्यावर हातोडी मारली तर टाका पापडीसारखा निघाला. खालचा पाईप जसाच्या तसा, चमकदार. म्हणाला, 'भाऊ, हे तुम्ही चिकटवलंय, जोडलेलं नाही.'

आता माझा प्रश्न. व्हिडिओ वाईट होता हे गेट पडल्यावर कळलं. पण पाहतानाच कसं कळावं? ज्याला काम येतं त्याला कळेल, पण ज्याला काम येतं तो व्हिडिओ कशाला पाहील? वेल्डिंगच नाही, लेथ, मोटार वाइंडिंग, सुतारकाम, सगळ्याबद्दल सांगा.

भरीत_पार्टी | ९:१९

म्हशीचा चॅनल आहे का? टेस्टिंग एक नंबर करते.

शेडवाले_काका | ९:४८

३४ वर्षं भुसावळला रेल्वेत फिटर होतो. आता नातू व्हिडिओ लावून देतो, मी खाटेवर पडून पाहतो आणि शिव्या देतो.

केळीवाले भाऊ, मी पहिलं एक बघतो : काम सुरू करायच्या आधी तो काय करतो. गंज, रंग, तेल घासून काढलं का? अर्थिंगचा चिमटा कुठे लावला ते दाखवलं का? रॉड कितीचा, करंट किती, पत्रा किती जाड, हे तीन आकडे तोंडातून आले का? 'थोडा करंट ठेवा' म्हणणारा माणूस तुम्हाला शिकवत नाही, स्वतःचं काम दाखवतोय. करंट मशीनवर आकड्यात असतो, थोडा-जास्त असा नसतो.

तुम्ही किती ठेवला होता?

यावलचा_केळीवाला | ९:५५

काका, दहा नंबरचा रॉड आणि ७०. त्याच्या मशीनवर ७० दिसत होतं म्हणून.

निदेशक_धुळे | १०:२०

मग उत्तर तुमच्याच पोस्टमध्ये आहे. दहा नंबर म्हणजे ३.१५ मिमीचा रॉड. ६०१३ या प्रकारचा असेल तर त्याला साधारण ९० ते १३० अँपिअर लागतात. ७० वर चालतो तो बारा नंबर, म्हणजे २.५ मिमी. त्या माणसाच्या हातात बहुतेक बारा नंबरच असणार, त्याने सांगितलं नाही आणि तुम्ही पाकिटावर पाहिलं नाही. पाकिटावर करंट छापलेला असतो हो! कमी करंटवर रॉड वितळून वर बसतो, खालचं लोखंड वितळतच नाही.

दुसरं, तुमच्या शेतात व्होल्टेज किती येतं? व्हिडिओवाला २३० वर बसलाय. तुम्ही विहिरीवरून ५० मीटर बारीक वायर ओढली असेल तर मशीनपर्यंत १८० पोचली तरी खूप. आकडा ७० दिसेल, आर्क (रॉडच्या टोकाशी पेटणारी ठिणगी) मात्र रडत चालेल.

मी आयटीआयला वेल्डर ट्रेड शिकवतो. पोरं रोज नवा व्हिडिओ घेऊन येतात, 'सर, हा तर असं म्हणतो'. मी एकच विचारतो, टाका त्याने तोडून दाखवला का? दोन पट्ट्या टी आकारात उभ्या करायच्या, एकाच बाजूने टाका मारायचा, मग पट्टी टाक्याच्या अंगावर हातोडीने पाडायची. तुटलेल्या जागी आत काय आहे ते कॅमेऱ्यासमोर धरायचं. स्लॅग (रॉडच्या लेपाची मळी) अडकलाय का, मुळापर्यंत वितळलंय का, सगळं उघडं पडतं. वरून सुंदर दिसणारा टाका कुणीही दाखवेल. ही टेस्ट घरी करायला एक हातोडी आणि व्हाईस पुरते, आणि तुम्ही ती गेट बनवायच्या आधीच केली असती तर आबा निवांत राहिले असते.

शहादा_गॅरेज | १०:४१

व्हिडिओला एवढं धोपटू नका राव. मी दोन वर्षं एका उस्तादाकडे होतो. दोन वर्षांत काय शिकलो? पार्ट डिझेलमध्ये धुवायला आणि चहा आणायला. इंजिनचं टायमिंग बसवायची वेळ आली की म्हणायचा, 'जा रे, पलीकडून कटिंग घेऊन ये.' परत येईस्तोवर कव्हर बसवलेलं! मोबाईलवर टायमिंगच्या खुणा पहिल्यांदा पाहिल्या तेव्हा डोळ्यात पाणी आलं. व्हिडिओवाला चहाला पाठवत नाही, हवं तेवढ्या वेळा मागे घेता येतो.

तार_आणि_फेरे | १०:५८

@शहादा_गॅरेज, भाऊ, मोटार वाइंडिंगमध्ये पण हेच. आमचा उस्ताद फेरे मोजताना मनातल्या मनात मोजायचा. डायरी कुलुपात.

पण म्हणूनच सांगतो, वाइंडिंगचे ८० टक्के व्हिडिओ (माझा अंदाज, भांडू नका) उस्तादाचेच भाऊ आहेत. एका स्लॉटमध्ये (खाचेत) कॉईल बसवताना दाखवतात, मागे गाणं, मग थेट मोटार फिरते. फेरे किती, तारेचा गेज किती, पिच (कॉईलच्या दोन बाजूंत किती खाचांचं अंतर) किती, हे गायब. जळालेली मोटार उघडल्यावर तार तोडायच्या आधी फेरे मोजून लिहायचे आणि तारेचं इनॅमल (वरचा लेप) काढून मायक्रोमीटरने जाडी घ्यायची, हे ज्याने दाखवलं तो माणूस खरा. आणि शेवटी मेगर (इन्सुलेशन तपासायचं मीटर) लावलं पाहिजे. मोटार फिरली म्हणजे झालं असं नसतं. सबमर्सिबल पाण्यात सोडायची आहे, खळ्यात ठेवून फिरवायची नाही. पाणी भरलेल्या मोटारीला पॉली कोटेड (प्लास्टिकचं आवरण असलेली) तार लागते. एका महाशयांनी साध्या इनॅमलच्या तारेने भरून दाखवली होती. खाली ४ हजार लोक : 'खूप छान सर'.

खापरावरचे_मांडे | ११:०५

मन्हा पोऱ्या रातदिन मोबाईलमा दखस. मिक्सर दुरुस्त करानं दखी लिधं नि मिक्सर खोली टाकं. आथा बठा पार्ट टोपलीमा शेतस, नि त्यानी माय पाट्यावर चटणी वाटी राहिनी.

भरीत_पार्टी | ११:०७

चटणी चांगली लागत असेल तर मिक्सर तसाच राहू द्या दादा.

अंमळनेरी | मंगळवार, सकाळी ७:३०

रात्रीत बरीच मजल मारली मंडळींनी. मी कारागीर नाही, कॉम्प्युटरवाला आहे, म्हणून दुसऱ्या बाजूने सांगतो.

पाहणाऱ्यांच्या आकड्यावर जाऊ नका. यूट्यूबने नोव्हेंबर २०२१ पासून डिसलाईकचा आकडा लपवलाय. पूर्वी 'किती जणांनी अंगठा खाली केला' हे दिसायचं, फेकू माणूस लगेच कळायचा. ती सोय गेली. आता कमेंट वाचणं हाच मार्ग, पण 'खूप छान सर' सोडून द्यायच्या. 'मी असं केलं, माझं असं बिघडलं, का?' असं कुणी विचारलंय का ते शोधायचं, आणि त्याला उत्तर आहे का ते बघायचं. उत्तरात 'तुमचा रॉड ओला असेल, किती अँपिअर ठेवले?' असा उलटा प्रश्न असेल तर त्या माणसाला काम येतं. उत्तरात फक्त जोडलेले हात असतील तर चला पुढे.

लांबीचंही गणित आहे. व्हिडिओ ८ मिनिटांच्या वर गेला की मधेमधे जाहिराती घालता येतात, जुलै २०२० च्या आधी ही मर्यादा १० होती. म्हणून ३ मिनिटांचं काम ८ मिनिटं १० सेकंदांचं होतं. सुरुवातीची दोन मिनिटं 'मित्रांनो, आजच्या व्हिडिओमध्ये आपण' यातच जातात.

शेडवाले_काका | ७:५२

८:१० चं रहस्य आज कळलं. मला वाटायचं सगळ्यांच्या घड्याळात बिघाड आहे.

वेल्डर_ताई | १:१५

आयटीआय वेल्डर पास, आता एमआयडीसीत फॅब्रिकेशनच्या शॉपमध्ये आहे. जेवणाच्या सुट्टीत लिहितेय.

निदेशक सरांचं तोडून पाहणं पटलं. पण एक गोष्ट कुणी बोललं नाही, ती म्हणजे कॅमेऱ्याला काय दिसतं. मोबाईल उजेड आपोआप कमी-जास्त करतो. आर्क पेटली की सगळं काळं आणि मधे पांढरा गोळा. ज्याने कॅमेऱ्यासमोर वेल्डिंगची काच धरून शूटिंग केलंय, त्याच्याच व्हिडिओत वितळलेलं लोखंड कुठे आणि त्यावर तरंगणारा स्लॅग कुठे हे वेगळं दिसतं. नवशिक्याची सगळी चूक तिथेच होते, स्लॅगलाच लोखंड समजतो. मी शिकत असताना असा एक व्हिडिओ अर्ध्या वेगाने पंधरा-वीस वेळा पाहिला, भाषा मला समजत नव्हती, आवाज बंद करून. त्या पोराने एक शब्द बोलला नसता तरी चाललं असतं.

आवाजाचंही तसंच. बरोबर आर्कचा आवाज कढईत भजी पडल्यासारखा एकसारखा तडतडतो. व्हिडिओत मागे ढोल-ताशा लावला की तो आवाज गेला. गाणं लावलेला वेल्डिंगचा व्हिडिओ मी पाहतच नाही.

गुण्या_आणि_रंधा | २:०३

गाण्याचं अगदी खरं. रंधा बरोबर लागलाय का हे आवाजावरून कळतं.

पण दिसण्यावरून फसू नका. मी पाहिलेला सगळ्यात चांगला सुतारकामाचा व्हिडिओ चाळीस मिनिटांचा होता, कॅमेरा हलता, मागे पंखा घरघरतोय, म्हातारा मधेच नाक पुसतो. पटाशीला धार लावताना एकदा चुकला, म्हणाला 'ही गेली', आणि पुन्हा पहिल्यापासून लावली. चूक कापून टाकली नाही! तिथेच मी त्याला गुरू केला.

तार_आणि_फेरे | २:१७

हलत्या कॅमेऱ्याचं कौतुक नको भाऊ. मला एकाने व्हर्निअर वाचायला 'शिकवलं', अडीच मिनिटं त्याचा अंगठाच दिसत होता.

सातपुडा_लोहार | ४:४०

आमच्याकडे मागच्या महिन्यात एक पोरगं आलं. कमान पाट्याचा (गाडीच्या स्प्रिंगच्या पट्टीचा) कोयता बनवला होता, व्हिडिओ पाहून. मधोमध चीर. विचारलं, कसं केलं? म्हणे 'लाल केला आणि पाणी दिलं'. किती लाल? 'व्हिडिओत होता तेवढा.' कुठे तापवला? 'अंगणात, दुपारी.'

आता यात तीन घोळ आहेत. वरती ताईंनी म्हटलंय तेच, कॅमेऱ्यातला लाल हा खरा लाल नसतोच. आणि भरदुपारी उन्हात लाल दिसेपर्यंत तापवलं तर लोखंड केव्हाच जास्त तापलेलं असतं, म्हणून आमचे वडील हे काम दिवेलागणीला करायचे. चांगला शिकवणारा रंगावर सोडत नाही, चुंबक लावून दाखवतो. लोखंड साधारण ७७० अंशांना पोचलं की चुंबक चिकटणं सोडतं. त्याच्या थोडं वर जायचं आणि बुडवायचं.

तिसरा घोळ आपल्या भाषेचा. लोहार 'पाणी देणे' म्हणतो म्हणून पोराने बादलीत अख्खा कोयता बुडवला. कमान पाट्याचं पोलाद तेलात थंड करतात. पाण्यात बुडवलं की तडकतं. जुने लोक पाणी वापरायचे, पण नुसती धार टेकवायची आणि उचलायची, बाकीची आंच परत धारेत उतरू द्यायची, पिवळसर छटा आली की थांबवायचं. व्हिडिओत हे सगळं सहा सेकंदांत होऊन गेलं. बुडवलं, फुस्स, आणि पुढच्या चित्रात नारळ फोडतोय.

भरीत_पार्टी | ४:४४

नारळ फोडायला चीर गेलेला कोयता पण चालतो.

सातपुडा_लोहार | ४:५१

एकदाच.

पारोळा_फॅब्रिकेशन | ५:३०

सगळे सेफ्टीचं ज्ञान देणारे व्हिडिओ मला फेकू वाटतात. ग्राइंडरला गार्ड (चाकावरचं झाकण) लावून कोपऱ्यात कटिंग होत नाही. बारा वर्षं गार्ड काढूनच काम करतोय. ज्याने कधी काम केलं नाही तोच गार्ड लावतो.

शेडवाले_काका | ५:४६

बारा वर्षं चाक फुटलं नाही म्हणून बोलताय. चार इंची ग्राइंडर मिनिटाला ११ हजार फेरे घेतो. हिशोब करा, चाकाची कड ताशी २०० किलोमीटरच्या वर पळते. त्याचा तुकडा गार्डवर बसला तर ठण्ण होतं, नाहीतर कुठे बसेल ते बसेल. आमच्या शेडमध्ये एकाच्या गालात बसला होता. मी पाहिलाय.

माझा नियम ऐका : लेथवर हातमोजे घालून उभा राहिला, चकची (जॉब धरणाऱ्या जबड्याची) चावी चकमध्येच ठेवून हात काढला, किंवा ग्राइंडरला लाकूड कापायचं दातेरी पातं लावलं, की व्हिडिओ बंद. पुढे तो कितीही हुशार असो. ज्याला स्वतःच्या बोटांची फिकीर नाही त्याला तुमच्या बोटांची कशी असेल?

पारोळा_फॅब्रिकेशन | ५:५८

काका, तुम्ही सरकारी शेडमध्ये होतात. इथे गिऱ्हाईक डोक्यावर उभं असतं.

वेल्डर_ताई | ६:३५

दादा, गिऱ्हाईक आमच्याही डोक्यावर असतं. कोपऱ्यात गार्ड नडला तर गार्ड फिरवता येतो, सैल करून जागा बदलता येते. ते दाखवणारा व्हिडिओ पाहिलात का कधी? 'गार्ड लावा' एवढंच म्हणणारे फेकू वाटतात हे मान्य, कारण नडल्यावर काय करायचं ते सांगत नाहीत.

पारोळा_फॅब्रिकेशन | ६:५०

फिरवायचं माहीत होतं ताई. आळस म्हणा.

व्यवस्थापक | ६:५५

विषयावर आलात, धन्यवाद. गालाचे फोटो टाकू नयेत.

दोंडाईचा_मिरची | रात्री ८:१०

'फुकट वीज' वाल्यांना या धाग्यात कुणी घेणार की नाही? आमच्या वडिलांनी पाहिलं : मोटार अल्टरनेटर फिरवते, अल्टरनेटर मोटारीला वीज देतो, वर दोन बल्ब पेटतात. शेतीला वीज रात्री-बेरात्री येते, माणूस भुलणारच. जुना अल्टरनेटर, पट्टे, पुली, बेअरिंग, सगळं मिळून नऊ हजार गेले. बटण दाबलं की अर्धा मिनिट फिरायचं आणि 'घूं' करून थांबायचं. वडील म्हणायचे पुली चुकली. तीन पुल्या बदलल्या.

निदेशक_धुळे | ८:३२

पुली सोन्याची लावली तरी थांबणारच. बेअरिंगचं घर्षण, तारेतली उष्णता यात वाया गेलेलं कुठून तरी भरावं लागतं. त्या व्हिडिओत टेबलाखाली एक वायर असते, म्हणून तो टेबल कधीही उचलून दाखवत नाहीत.

याच्याहून वाईट म्हणजे मायक्रोवेव्हचा ट्रान्सफॉर्मर काढून लाकडावर विजेची नक्षी जाळणारे. साधारण दोन हजार व्होल्ट असतात तिथे. परदेशात त्यात माणसं मेली आहेत. खूप सुंदर दिसतं आणि धोका काही दिसत नाही.

आणि जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या) पाईपवर थेट वेल्डिंग दाखवणारे. जस्ताचा पांढरा धूर छातीत गेला की रात्री थंडी वाजून ताप येतो. 'आधी गूळ खा, वरून दूध प्या, काही होत नाही' असं सांगणारा सापडला तर त्याचे बाकीचे व्हिडिओही सोडा. आधी जस्त घासून काढायचं, वारा धूर आपल्यापासून लांब नेईल असं उभं राहायचं.

यावलचा_केळीवाला | ८:४०

सर, माझं गेट जीआय पाईपचंच होतं. आणि त्या रात्री मला ताप आला होता. मी उसाच्या रसावर ढकललं.

भरीत_पार्टी | ८:४१

रसवाल्याची माफी मागा.

निदेशक_धुळे | ८:५९

आणि मशीन मधेच बंद पडायचं का?

यावलचा_केळीवाला | ९:०३

हो! पिवळा दिवा लागायचा. मला वाटलं खराब मशीन दिलं.

निदेशक_धुळे | ९:१५

खराब नाही, तापलं. मशीनवर ड्युटी सायकल लिहिलेली असते. ६० टक्के म्हणजे दहा मिनिटांत सहा मिनिटं चालवा, चार मिनिटं विसावा. आणि हा आकडा ४० अंश तापमान धरून काढतात. आपल्याकडे मे महिन्यात सावलीतच ४४-४५. थंड हवेच्या गावातला व्हिडिओवाला सलग काम करतो ते पाहून आपण करायचं नाही. पत्र्याच्या शेडमध्ये तर मशीनला तुमच्याआधी ऊन लागतं.

बाकी, पुस्तकं विसरू नका. चेन्नईच्या निमी या सरकारी संस्थेची आयटीआयची ट्रेड थिअरी, ट्रेड प्रॅक्टिकल ही पुस्तकं मराठीतही आहेत. रटाळ आहेत, मी स्वतः शिकवताना जांभया दिल्यात. पण व्हिडिओतला आकडा खरा की खोटा हे पाहायला दोन मिनिटं पुरतात.

शहादा_गॅरेज | ९:३०

रटाळ पुस्तकाचा व्हिडिओ करा ना सर. ८:१० चा.

अंमळनेरी | ९:३४

सर, खरंच करा. मराठीत चांगलं बघायला गेलं तर फार थोडं. हिंदीत आहे, इंग्रजीत भरपूर, पण आमच्या कामाच्या माणसांना इंग्रजीतलं इंच-सूत समजत नाही आणि भाषांतरवाल्या आवाजात 'रॉड' ला 'काठी' म्हणतात.

गुण्या_आणि_रंधा | ९:४०

काठी! म्हणजे वेल्डिंग करायचं की म्हैस हाकायची?

यावलचा_केळीवाला | रविवार, संध्याकाळी ५:२०

मंडळी, हजेरी लावतोय.

बुधवारपासून भंगारातल्या पट्ट्यांवर सराव केला. दहा नंबर रॉड, ११० करंट, मशीन विहिरीवरून उचलून घराजवळ आणलं, जाड वायर टाकली. ताईंनी सांगितलं तसं काचेतून शूट केलेला एक व्हिडिओ शोधला, आवाज बंद. पहिल्या अकरा पट्ट्या हातोडीच्या एका फटक्यात मोडल्या. बाराव्या पट्टीला चार फटके लागले आणि टाका नाही, पट्टी वाकली. आबांना दाखवायला घरात नेली, त्यांनी चष्मा लावून पाहिली आणि म्हणाले, 'दिसायला आधीचं चांगलं होतं.'

मग तो जुना ५ मिनिटांवाला व्हिडिओ परत लावला. आता दिसलं, जिथे तो बिजागरी लावतो तिथे चित्र तुटतं. आधी हातात बारीक रॉड, नंतर जाड टाका. कपडे पण बदललेत! शर्ट निळा होता, गेट उभं राहीपर्यंत चौकटीचा झाला. ५ मिनिटांत तयार म्हणे.

गावच्या वेल्डरला एक दिवसाची मजुरी देऊन शेजारी बसवला. तो फारसा बोलला नाही, फक्त दोनदा माझं मनगट धरून रॉड कलता केला. गेट काल उभं केलं. जस्त घासलं, ताप नाही. फोटो टाकलाय.

वेल्डर_ताई | ५:४१

टाके जाडेभरडे आहेत पण बसलेत. खालच्या बिजागरीला दुसऱ्या बाजूनेही एक मारून घ्या.

शेडवाले_काका | ५:५०

शाब्बास. आता म्हैस सोडा.

सातपुडा_लोहार | ६:०५

फोटो मोठा करून पाहिला. भाऊ, कडी बाहेरून लावलीय आणि गेट आत उघडतंय. गव्हाणीला अडणार नाही का?

यावलचा_केळीवाला | ६:२२

थांबा, बघून येतो.